झिप उघडली, पण ठेवायची कुठं?

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडसारख्या गावात संगणकावरचा कागद बहुधा झिप होऊनच येतो, आणि तो उघडणारा माणूस बहुधा त्या कागदाचा मालक नसतो. म्हणून हा वाद मला महत्त्वाचा वाटतो. बोलणारे दोघे आहेत. एक जण ऑनलाइन अर्ज आणि डीटीपीचं दुकान चालवतो, दुसरे संगणकाचे वर्ग घेतात. झिप प्रत्येक वेळी नव्या फोल्डरमध्येच उघडावी, असं सरांचं म्हणणं. दुकानदाराला ते पटत नाही.

सर : भाऊ, तुमच्याकडं नीटचे अर्ज येतात, सीईटीचे येतात, पोलीस भरतीचे येतात. घरून नाहीतर लातूरच्या क्लासवरून पोरं व्हॉट्सॲपवर झिप पाठवतात. प्रत्येक झिपमध्ये फाइलींची नावं तीच असतात : फोटो, साइन, कास्ट, डोमिसाइल. तुम्ही राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट हिअर’ म्हणता आणि सगळं डाउनलोड्समध्ये सांडतं. दुसऱ्या पोराची झिप उघडली की मशीन विचारतं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? समोर रांग, सर्व्हर मंद, बोट जातं ‘यस टू ऑल’वर. पहिल्या पोराचा अर्ज अजून अर्धाच भरलेला असतो. त्याचा फोटो आधीच चढलेला, सही चढवायची राहिलेली, आणि आता ‘साइन’ नावाची फाइल दुसऱ्याचीच झालेली. छोट्या खिडकीत सगळ्या सह्या सारख्याच दिसतात. अर्ज जातो, पैसे भरले जातात आणि चूक कळते छाननीत. ‘दोन्ही ठेवा’ म्हटलं तरी सुटका नाही. मग ‘फोटो (२)’ आणि ‘साइन (३)’ अशी जोडी जुळवत बसा. त्यापेक्षा त्याच मेनूत, त्या ओळीच्या खालीच, झिपच्या नावाचा फोल्डर करून त्यात काढण्याची ओळ असते. कष्ट तेवढेच, एकच क्लिक. जे एकत्र आलं ते एकत्र राहतं, आणि काम झालं की एकाच वेळी पुसताही येतं.

दुकानदार : सर, धोका तुम्ही बरोबर सांगितला. पण तुमच्या उपायानं तो जात नाही, नुसता एक पायरी वर सरकतो. त्या नव्या फोल्डरला नाव कोण देतं? मशीन देतं, आणि झिपचंच नाव देतं. झिपचं नाव काय असतं? ‘डॉक्युमेंट्स’. पुढच्या पोराच्या झिपचंही ‘डॉक्युमेंट्स’. म्हणून ती उतरतानाच ‘डॉक्युमेंट्स (१)’ होते आणि तिचा फोल्डरही त्याच नावाचा होतो. कधी कधी व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलीचं नाव म्हणजे डॉक, तारीख, डब्ल्यूए आणि एक आकडा. दुपारी दोन वाजता असे वीस फोल्डर माझ्यासमोर असले, तर यातला साळुंक्यांच्या पोराचा कोणता आणि गायकवाडांच्या पोरीचा कोणता, हे उघडून बघितल्याशिवाय कळायचं नाही. आधी एक सही चुकीची जात होती, आता फोटो, सही, दाखला मिळून आख्खं पोरगंच दुसऱ्याच्या अर्जात जाईल. आणि ते सगळं आपसांत इतकं जुळणारं असेल, की बघणाऱ्यालाही शंका येणार नाही.

सर : मग नाव बदला ना. एफ-टू दाबायचं आणि नाव लिहायचं. यात अडचण काय आहे?

दुकानदार : अडचण ही, की हे तुम्ही वर्गात सांगताय, जिथं पोरांपुढं तास-दीड तास असतो. पण ती तूर्त बाजूला ठेवू. लोक इथवर पोचतच नाहीत, हे त्याहून मोठं आहे. विंडोज एक्सपी २००१ साली आलं, आणि त्याच साली आपल्याकडं एमएस-सीआयटी सुरू झालं. महाराष्ट्रातली एक पिढी त्या एक्सपीवर माऊस धरायला शिकली, आणि त्या एक्सपीनं झिप फाइल दाखवली ती फोल्डरसारखी. पिवळं चित्र, त्याला चेन. डबल क्लिक केलं की आतल्या फाइली दिसायला लागतात. माणसाला वाटतं, उघडली. ती उघडलेली नसते, नुसतं आत डोकावलेलं असतं. एका संस्थेच्या स्मरणिकेचं काम आलं होतं, ते सांगतो. पेजमेकरची फाइल, सोबत फोटो, सोबत श्रीलिपीचे फॉन्ट, सगळं एका झिपमध्ये. कामावरच्या पोरानं झिपमध्येच जाऊन पेजमेकरची फाइल डबल क्लिक केली. मशीननं काय केलं? तेवढी एकच फाइल काढून टेम्प नावाच्या आडजागेत ठेवली आणि तिथून उघडली. फोटो तिच्यासोबत आलेच नाहीत, त्यामुळं चित्रांच्या जागी धुरकट ठोकळे. फॉन्ट बसवलेलाच नव्हता, म्हणून आख्ख्या संपादकीयाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. तरी त्यानं मथळे दुरुस्त केले, सेव्ह केलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी झिप उघडली तर सगळं जुनंच. दुरुस्ती टेम्पमध्ये, आणि टेम्प साफ झालेलं. तुम्ही भांडताय ‘इथंच काढा’ की ‘नव्या फोल्डरमध्ये काढा’ यावर. त्या पोराच्या लेखी काढण्याचा प्रश्नच नव्हता.

सर : पण हे तर माझ्याच बाजूचं झालं! नवा फोल्डर तयार होताना डोळ्यांना दिसतो. झिप तिथं आणि शेजारी तिच्यातून निघालेलं हे, अशी दोन चित्रं समोर असली की माणसाला कळतं, एक बांधलेलं आहे आणि एक सोडलेलं. एक्सपीनं डोकावण्याची खिडकी दिली हे खरं, पण त्याच एक्सपीत ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ म्हटलं की मशीन आपण होऊन झिपच्या नावाचा नवा फोल्डर सुचवायचं. आजचं विंडोजही तेच सुचवतं. तुमची ‘एक्स्ट्रॅक्ट हिअर’ची सवय त्याआधीची आहे. फिल कॅट्झ नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं १९८९ साली पीकेझिप काढलं, त्यातून ही झिप आली. तेव्हा सगळं फ्लॉपीवर आणि डॉसवर. सोडायचा आदेश दिला, की ज्या डिरेक्टरीत तुम्ही उभे, तिथंच सगळं पडायचं. आतली फोल्डरांची मांडणी तशीच हवी असेल, तर तेसुद्धा आदेशात वेगळं सांगावं लागायचं. एका फ्लॉपीत मावणाऱ्या मोजक्या फाइलींसाठी ते चाललं. आज एका झिपमध्ये लग्नाचे आठशे फोटो असतात, आणि ते तुम्ही डेस्कटॉपवर सोडता.

दुकानदार : आठशे फोटोंचं बोललात तर तेही ऐका. झिप केल्यानं फाइल लहान होते, असं सगळे धरून चालतात. मजकूर होतो लहान, कारण त्यात तेच तेच शब्द पुन्हा येतात आणि झिप त्यांची नुसती खूण ठेवते. पण जेपेग फोटो आधीच दाबलेला असतो, त्यात दाबायला काही उरलेलं नसतं. एक जीबीचे फोटो झिप केले तरी एक जीबीच. नव्या फोल्डरमध्ये काढले की झिपचा एक आणि फोल्डरचा एक, असे दोन जीबी झाले. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये हे केलं की त्याचा मोबाइल भरला. शिवाय पाठवणाऱ्यानं आधीच ‘लग्न’ नावाच्या फोल्डरची झिप केली असेल, तर मशीन ‘लग्न’ नावाचा फोल्डर करतं आणि त्याच्या आत पुन्हा ‘लग्न’. गिऱ्हाईक पहिला फोल्डर उघडतं, आत एकच फोल्डर दिसतो आणि मला फोन येतो, फोटो आलेच नाहीत.

सर : दुहेरी फोल्डरचं दुखणं खरं आहे, पण त्यावर औषध आहे. लिनक्सवरचा आर्क हा प्रोग्रॅम आधी झिपच्या आत पाहतो. आत सगळं एकाच फोल्डरमध्ये बांधलेलं असेल तर तसंच ठेवतो, सुट्या फाइली असतील तरच नवा फोल्डर करतो. मॅकवरही साधारण असंच होतं. सेव्हन-झिपमध्ये वरचा दुहेरी फोल्डर टाळायची टिकमार्क असते. म्हणजे यंत्राला हा विचार करता येतो. आपल्या विंडोजच्या स्वतःच्या सोयीत तो नाही, एवढंच.

दुकानदार : आणि जिथं बदलून टाकणं हाच हेतू असतो, तिथं काय करायचं? त्याच स्मरणिकेचं पुढं सांगतो. संपादकांनी नवे फोटो पाठवले, नावं मुद्दाम जुनीच ठेवून. पेजमेकरमध्ये मोठं चित्र पानात नसतं, कुठल्या फोल्डरमधली कोणती फाइल एवढाच पत्ता पानात असतो. मी तुमच्यासारखा शहाणा होऊन झिप नव्या फोल्डरमध्ये काढली. नवे फोटो नव्या फोल्डरमध्ये नीट, सुरक्षित, एकत्र राहिले. पान मात्र जुन्याच पत्त्यावर बघत होतं. छापायला गेला तो जुना अध्यक्ष. तिथं ‘यस टू ऑल’ हेच बरोबर होतं.

सर : तिथंही नाही. आपल्या मुरुडच्या उपबाजारात बघा. सोयाबीन आलं, तूर आली, की प्रत्येक शेतकऱ्याची रास आधी वेगळी पडते. माल बघितला जातो, बोली होते, वजन होतं. मग आडत्या तो ज्या ढिगात मिसळायचा त्यात मिसळतो. ट्रॅक्टरमधून थेट कुणी दुसऱ्याच्या राशीवर ओतत नाही. झिपचंही तसंच. आधी नव्या फोल्डरमध्ये काढा. किती फाइली आल्या, कोणत्या आल्या, तारखा काय आहेत, ते बघा. मग हातानं जुन्या जागी टाका आणि ‘बदला’ म्हणा. बदलण्याला माझी ना नाही. न बघता बदलण्याला आहे.

दुकानदार : बाजारात प्रत्येक राशीला शेतकऱ्याचं नाव असतं, सर. ते आडत्याच्या वहीत असतं आणि राशीजवळ शेतकरी स्वतः उभा असतो. माझ्या राशीजवळ कुणी उभं नसतं. पाठवणारा पुण्यात असतो, ज्याचं काम आहे तो बाकावर असतो आणि त्यालाच माहीत नसतं की झिपमध्ये काय आहे. म्हणून मी पुन्हा नावावर येतो. मराठी नावांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ‘निमंत्रण’ नावाची फाइल झिपमधून बाहेर येते तेव्हा नावाच्या जागी ग्रीक अल्फा, पुढं डोक्यावर नागमोडी रेघ असलेला रोमन एन, मग आणखी एक चिन्ह. पुन्हा अल्फा, पुन्हा एन. सगळी नावं अशीच. आतल्या तीस फाइली एकमेकींपासून ओळखता येत नाहीत.

सर : त्याचं कारण सांगतो, कारण ते कळलं की माझा मुद्दा आणखी पक्का होतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि पहिला बाइट प्रत्येक वेळी तोच असतो. झिपच्या मूळ पद्धतीत नावं जुन्या आयबीएम पीसीच्या ४३७ क्रमांकाच्या तक्त्यानं वाचायची असतात. त्या तक्त्यात त्या बाइटला अल्फा आहे, आणि दुसऱ्या बाइटला तुमचा तो नागमोडी एन. २००६ साली झिपच्या नियमात सोय झाली : नाव युनिकोडमध्ये आहे असा एक झेंडा फाइलीसोबत लावायचा. ज्या प्रोग्रॅमनं तो लावला नाही, त्याच्या झिपमधली मराठी नावं दुसरीकडं अशी फुटतात. विंडोज सेव्हनपर्यंत तर विंडोज देवनागरी नावाची फाइल झिपमध्ये घ्यायलाच नकार द्यायचं, नावात न चालणारी अक्षरं आहेत म्हणायचं. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी रोमन लिपीत नावं ठेवायची सवय लावून घेतली, त्याला हेही एक कारण आहे. आता बघा, आतली नावं झिपच्या पोटात लिहिलेली असतात, म्हणून ती फुटतात. झिपचं स्वतःचं नाव झिपच्या पोटात नसतं. ते बाहेर असतं, मशीनच्या यादीत, आणि ते शाबूत येतं. नवा फोल्डर त्या बाहेरच्या नावावरून होतो. आत तीसच्या तीस नावं फुटली तरी वर ‘जाधव लग्नपत्रिका’ एवढं तरी वाचता येतं. सगळं उघड्यावर सोडलंत तर तेवढीही खूण गेली.

(इथं मला थांबून म्हणावंसं वाटतं, की मराठीत नाव दिलेली फाइल बिनघोर पाठवता येत नाही ही गोष्ट आपण फार सहज सोसली. कुणी त्याची तक्रार केलेली मी तरी ऐकली नाही.)

दुकानदार : हे मात्र मला ठाऊक नव्हतं. बरं, मग आम्ही सगळी ओळख त्या एका नावात कोंबायची. करून बघितलंय. लिनक्स आणि अँड्रॉइडवर नावाला २५५ बाइटांची हद्द. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे मराठीत ८५ चिन्हं. त्यात काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडलेलं अक्षर असेल तर तो मोडलेला पाय वेगळा. ‘प्रमाणपत्र’ या एका शब्दाला दहा जागा, तीस बाइट. शासन निर्णयाचा विषय फाइलीचं नाव म्हणून ठेवायची कार्यालयातल्या लोकांना हौस. ती झिप विंडोजवर निमूट उघडते आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर अडते. विंडोजवर वेगळं. तिथं पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढं गेला की कटकट. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, हे करत गेलं की पत्ता लांबतो. म्हणजे तुमची पद्धत जितकी काटेकोर पाळावी, तितकी ती हद्द जवळ येते.

सर : नाव लहान आणि खुणेचं ठेवावं, हे मान्य. पण सुरक्षेचं काय? अनोळखी झिपमधून काय निघेल सांगता येत नाही. ते निदान एका कुंपणात तरी पडतं.

दुकानदार : कुंपणाचा भरवसा नको, सर. २०१८ साली झिप स्लिप नावाची खोट उजेडात आली, तुम्हीही वाचलं असेल. झिपमधल्या फाइलीच्या नावातच ‘एक पायरी वर जा, आणखी एक पायरी वर जा’ असा पत्ता लिहायचा. सोडणारा प्रोग्रॅम गाफील असेल तर फाइल नव्या फोल्डरमध्ये न पडता तिच्या मनाला येईल तिथं जाऊन पडते. विनरार या झिप सोडायच्या प्रोग्रॅममध्ये एस नावाच्या जुन्या बांधणीच्या फाइलींबाबत अशीच खोट २०१९ मध्ये जाहीर झाली. ती एकोणीस वर्षं तशीच होती. फाइल थेट स्टार्टअपमध्ये टाकता येत होती, म्हणजे मशीन सुरू झालं की ती आपोआप चालणार. आणि आपल्या भागातल्या दुकानांत विनरार एकदा टाकलं की टाकलं. ते आपण होऊन नवं होत नाही, हातानं नवं बसवावं लागतं. फोल्डर नवा आणि प्रोग्रॅम दहा वर्षं जुना, याला कुंपण म्हणायचं?

सर : नाही म्हणायचं. प्रोग्रॅम नवा ठेवावाच लागेल. तरी भाऊ, मी मागं हटत नाही. या सगळ्या खोटी प्रोग्रॅमच्या आहेत, नव्या फोल्डरच्या नाहीत.

दुकानदार : मग आता नव्या फोल्डरचीच खोट सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तीच बोचते. आधारची ऑफलाइन ई-केवायसी आहे ना, ती साइटवरून झिपमध्येच उतरते. उतरवताना चार आकडी कोड आपण ठरवायचा, तोच त्या झिपचं कुलूप. आत एक्सएमएल फाइल : नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि खात्याची डिजिटल सही. ज्याला ती हवी त्याला झिप आहे तशी द्यायची आणि कोड सांगायचा. ती इथं सोडायची गरजच नाही. पण एखाद्या बाईंची अशी झिप आली की हात सवयीनं जातो. कोड टाकला, नव्या फोल्डरमध्ये काढली, बघितली. आता कुलूप कशाला राहिलं? झिपला. सोडलेल्या प्रतीला कुलूप नाही. ती माझ्या मशीनवर उघडी, आणि तुमच्या शिकवणीप्रमाणं तिच्या फोल्डरवर त्या बाईंचं नाव ठळक लिहिलेलं. डाउनलोड्समध्ये हजार फाइलींच्या गर्दीत ती निदान सहज सापडली नसती. नीट नाव देऊन मी ती पुढच्या कुणालाही एका नजरेत सापडेल अशी करून ठेवली. माझ्या काउंटरवर दिवसात तीन पोरं बसतात.

सर : गर्दीत हरवलंय म्हणून सुरक्षित आहे, हे मी नाही मानणार. शोधणाऱ्याला गर्दी अडवत नाही, शोधायच्या चौकटीत आधार लिहिलं की झालं. उलट नावाचा फोल्डर आहे म्हणून तर पूर्ण पुसता येतं. सुट्या फाइलींतली एखादी राहूनच जाते. काम झालं की फोल्डर आणि झिप दोन्ही निवडायच्या, शिफ्ट दाबून डिलीट, म्हणजे रिसायकल बिनमध्येही राहत नाही. ते गिऱ्हाइकासमोर करा, त्याला स्क्रीन दाखवून. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झालाय. तुमचं काम झाल्यावर त्या बाईंचा कागद तुमच्याकडं का आहे, हा प्रश्न उद्या रीतसर विचारला जाईल.

दुकानदार : कायद्याआधी तो मलाच पडतो. पण त्याला जोडून दुसरा पडतो. अर्जात त्रुटी निघते, दहा-पंधरा दिवसांनी मेसेज येतो : दाखला पुन्हा अपलोड करा, मुदत तीन दिवस. बाई येतात. त्यांची समजूत अशी, की कागद माझ्याकडं आहेत. एकदा दिलेत ना! मी पुसले म्हटलं तर त्या म्हणणार, आता कुठून आणू? झिप ज्या मोबाइलवरून आली तो लेकाचा, आणि तो पुण्याला कंपनीत, दिवसा फोन घेत नाही. मूळ दाखला घरी आहे, पण घर बोरगावला, आणि दिवसाची एक मजुरी बुडवून यायचं.

सर : पेनड्राइव्हवर द्यावं त्यांच्या हातात.

दुकानदार : पेनड्राइव्ह त्यांच्या काय कामाचा? घरी कॉम्प्युटर नाही. त्यांच्यासाठी फाइल मॅनेजर म्हणजे मी.

सर : मग झिप तेवढी ठेवा, कुलपासकट. सोडलेला फोल्डर पुसा. गरज पडली की त्यांच्याकडून कोड घ्यायचा आणि पुन्हा सोडायचं.

दुकानदार : आधारच्या झिपला कुलूप आहे. पोरांच्या फोटो-सह्यांच्या, दाखल्यांच्या झिपला कुणी लावलंय? ते मी लावायचं म्हटलं, तर कोडही मीच ठरवणार. त्यांच्या लक्षात राहणार नाही म्हणून लिहूनही मीच ठेवणार. मग कुलूप आणि किल्ली एकाच काउंटरवर. आणि तसं बघितलं तर, सर, ही जबाबदारी माझी आहे असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी अर्ज भरायचे पैसे घेतो, सांभाळायचे घेत नाही.

सर : पण सांभाळताय. पुसलं तरी तुम्ही ठरवणार, ठेवलं तरी तुम्हीच ठरवणार.

दुकानदार : हो. तेच म्हणतोय. मला सांगा, उद्या सकाळी त्या बाई आल्या तर फोल्डर कुणाच्या नावानं करू? त्यांच्या, की लेकाच्या? झिप त्यानं पाठवलीय, दाखला त्यांचा आहे आणि अर्ज नातीचा आहे.